निसर्गसंग्रहालय आणि बोलीतील नाव

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाचे कार्य दुहेरी असते: नमुने जमवून संशोधन करणे, आणि त्या संशोधनाचे फलित लोकांपर्यंत नेणे. मुंबईत या दोन्ही अंगांची परंपरा जुनी आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गेतिहासाचा विभाग उभा राहिला. १९२६ मध्ये तेथे मार्गदर्शक व्याख्याता म्हणून सालिम अली यांची नेमणूक झाली. शास्त्र लोकांस समजावून द्यावे, ही दृष्टी त्या नेमणुकीत स्पष्ट दिसते. परंतु लोकांच्या बोलीपासून शास्त्रास काही घेता येईल, हा विचार एकंदर संग्रहालय-व्यवहारात गौण राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम किनाऱ्यावरील उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांकडे या दृष्टीने पाहावे. शहरी गिऱ्हाईक जवळा म्हणजे कोलंबीचे पिल्लू समजते. कोळ्यांच्या बोलीत मात्र जवळा, करंदी आणि कोलंबी ही तीन निरनिराळी नावे आहेत. प्राणिशास्त्रही जवळ्यास 'ॲसिटीस' या स्वतंत्र प्रजातीत घालते. तो वाढून कोलंबी होत नाही. म्हणजे येथे बोलीतील नाव हे केवळ संबोधन नसून निरीक्षणाचे फलित आहे.

अशा नावांची दखल शास्त्राने पूर्वी घेतली आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा रोहू आणि कटला या देशी नावांवरूनच 'रोहिटा' आणि 'कटला' ही शास्त्रीय जातिनामे सिद्ध झाली.

यावर आक्षेप असा येईल की, बोलीतील नावे गावोगाव बदलतात, आणि क्वचित एकच नाव दोन प्राण्यांस लावले जाते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच लॅटिन नाव अपरिहार्य ठरते. परंतु बोलीतील नावाने लॅटिन नावाची जागा घ्यावी, असे येथे म्हणावयाचे नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि संग्राहक यांची नोंद असते. त्याच काटेकोरपणाने उच्चारलेले नाव, बोलणाऱ्याचे गाव आणि वय यांचीही नोंद व्हावी, एवढेच म्हणणे आहे. नावांतील भेद हा अशा नोंदीत दोष न ठरता अभ्यासाची सामग्रीच ठरेल.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. मद्यार्कात ठेवलेला मासा शंभर वर्षे टिकतो. नाव मात्र ते बोलणाऱ्या पिढीबरोबर नाहीसे होते. बोंबील सुकविण्याच्या बांबूच्या मांडणीस वलांडी म्हणतात. हा शब्द प्रमाण मराठीच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? प्राणिशास्त्राचा एक आणि भाषाशास्त्राचा एक, असे दोन विद्यार्थी उत्तनच्या बंदरावर मासळी उतरण्याच्या वेळी ध्वनिमुद्रकासह उभे राहिले, तरी आरंभ होईल. संग्रहालयाचा लोकसंपर्क तेव्हाच उभयपक्षी म्हणता येईल.