स्तोत्रसंहिता : अर्थनिर्णय

स्तोत्रसंहिता : ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथातील व ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातील प्रार्थनापर, स्तुतिपर व विलापपर काव्यांचा संग्रह. हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’ (स्तवने). ‘साम’ हे यूरोपीय नाव तंतुवाद्याच्या साथीने गायचे गीत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. प्रचलित हिब्रू संहितेत १५० स्तोत्रे असून ती पाच भागांत विभागलेली आहेत. त्यांपैकी ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीद राजाचे नाव आढळते. तथापि ही सर्व रचना एका व्यक्तीची वा एका काळाची नाही. इ. स. पू. सहाव्या शतकातील बॅबिलनच्या बंदिवासाचा उल्लेख करणारे १३७ वे स्तोत्र दावीदानंतर कित्येक शतकांनी रचलेले आहे, हे उघड आहे. मृत समुद्राजवळील कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या व १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुंडाळीत अनेक स्तोत्रांचा क्रम निराळा आहे व प्रचलित संग्रहाबाहेरच्या काही रचनाही आहेत. त्यावरून संग्रहाचे अंतिम रूप दीर्घकाळ प्रवाही होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

‘स्तोत्रसंहिता’ या मराठी नावाने, किंबहुना ‘तेहिल्लीम’ या हिब्रू नावानेही, वाचकाची एक अपेक्षा तयार होते. संस्कृत परंपरेतील स्तोत्रात देवतेचे गुणवर्णन प्रधान असते. प्रस्तुत संग्रहात मात्र एकतृतीयांशाहून अधिक रचना गाऱ्हाण्याच्या स्वरूपाच्या आहेत. आजारी, निंदित, छळलेला माणूस किंवा पराभूत समाज ईश्वरापुढे उभा राहून ‘का’ आणि ‘कुठवर’ असे विचारतो. तेराव्या स्तोत्राच्या आरंभी ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ही गाऱ्हाणी स्तुतीच्या प्रस्तावना म्हणून वाचावयाची, की स्वतंत्र मूल्य असलेली उक्ती म्हणून, हा स्तोत्रांच्या अर्थनिर्णयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

स्तोत्रांच्या काव्यरूपाची शास्त्रीय चर्चा इंग्रज धर्मपंडित रॉबर्ट लौथ याच्या १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून सुरू झाली. हिब्रू पद्यात यमकापेक्षा अर्थाच्या समांतरतेला महत्त्व आहे, असे त्याने दाखविले. पहिल्या चरणात मांडलेला आशय दुसऱ्या चरणात पुनरुक्त होतो, विरोधाने उजळतो किंवा पुढे नेला जातो. जेम्स क्यूगेल (१९८१) व रॉबर्ट ऑल्टर (१९८५) यांनी या उपपत्तीत दुरुस्ती केली. दुसरा चरण पहिल्याचा केवळ प्रतिध्वनी नसून तो आशय अधिक तीव्र वा अधिक मूर्त करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नाद आणि वृत्त भाषांतरात हरवतात. परंतु अर्थाची ही जोडरचना गद्य भाषांतरातही बरीचशी टिकते. त्यामुळे यमकबद्ध रूपांतरापेक्षा साधे गद्य मूळ काव्याला काही वेळा अधिक जवळचे ठरते.

जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) याने स्तोत्रांचे कर्ते शोधण्याऐवजी त्यांचे प्रकार निश्चित केले. स्तुतिगीत, सामुदायिक विलाप, वैयक्तिक विलाप, वैयक्तिक आभारगीत व राजगीत हे त्याचे प्रमुख प्रकार. नॉर्वेजियन पंडित सिग्मुंड मोव्हिंकेल (१८८४–१९६५) याने स्तोत्रांचा उगम मंदिरातील उपासनेत पाहिला. विलापाच्या शेवटी अकस्मात येणाऱ्या विश्वासाच्या सुराचा उलगडा योआखिम बेग्रिख याने १९३४ मध्ये सुचविला. गाऱ्हाणे ऐकल्यावर पुरोहित ईश्वराच्या वतीने अभयवचन देत असावा आणि नंतरचा बदललेला सूर हे त्या वचनाला दिलेले उत्तर असावे, असे त्याचे मत होते. ते अभयवचन स्तोत्रांच्या संहितेत बहुधा आढळत नाही, ही या उपपत्तीची दुर्बल बाजू होय. क्लाउस व्हेस्टरमान (१९०९–२०००) याने स्तुती आणि विलाप हे प्रार्थनेचे दोन ध्रुव मानले व विलापाला त्याची योग्य प्रतिष्ठा दिली.

महाराष्ट्रात हा प्रश्न भाषांतराच्या रूपाने पुढे आला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाजात हिब्रूच्या अध्ययनाला त्यामुळे साहाय्य झाले. या समाजाच्या उपासनेत स्तोत्रांचे पठण हिब्रूतून होई, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही रचली. पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर व हिंदू धर्मकल्पनांनी भारलेली शब्दकळा टाळून सामान्य स्त्रियांना समजेल अशी भाषा योजावी, हा त्यांचा हेतू होता. मुक्ती सदनात १८९६–९७ च्या व १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या अनेक स्त्रिया व मुली होत्या. स्तोत्रांतील विधवा, अनाथ आणि भुकेले हे शब्द त्यांच्यापुरते रूपक नव्हते. मूळ शब्दाशी निष्ठा राखण्याच्या आग्रहाने रमाबाईंची वाक्यरचना काही ठिकाणी अवघडली आणि हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. तथापि गाऱ्हाणे गाऱ्हाण्याच्याच भाषेत राहावे, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे. याउलट नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंगाचे माध्यम स्वीकारले. त्यांची रचना स्तोत्रांचे भाषांतर नव्हे. परंतु मराठी भक्तिकाव्याच्या वाटेने बायबलच्या प्रार्थनेपर्यंत पोहोचता येते, हे तिने दाखविले.

ही वाट जवळची आहे. नामदेव-तुकारामांचे देवाशी भांडण किंवा रामदासांची करुणाष्टके परिचित असलेल्या वाचकाला ईश्वराला जाब विचारणारी प्रार्थना परकी वाटत नाही. मात्र या जवळिकीतच गैरसमजाचा संभव आहे. हिब्रू ‘नेफेश’ या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा ‘आत्मा’ असे केले जाते. त्या शब्दाचे अर्थ गळा, श्वास, जीव व स्वतः असे आहेत. देहाहून भिन्न व अविनाशी तत्त्व त्यात अभिप्रेत नाही. ६९ व्या स्तोत्राच्या आरंभी पुराचे पाणी ‘नेफेश’पर्यंत चढल्याचे वर्णन आहे, तेथे बुडणाऱ्याचा गळाच समोर येतो. ‘प्राण कंठाशी येणे’ हा मराठी वाक्प्रचार या अर्थाच्या अधिक निकट आहे. तसेच ‘शओल’ किंवा अधोलोक म्हणजे नरक नव्हे, तर सर्व मृतांचे निःशब्द स्थान होय. पूर्वजन्मीचे कर्म वा पुढील जन्मातील भरपाई यांचा आधार स्तोत्रकर्त्याला नाही. न्याय व्हावयाचा तो याच आयुष्यात. म्हणून त्याचा ‘कुठवर’ इतका निकराचा आहे. मी मेलो तर तुझी स्तुती कोण करील, हा सहाव्या व तिसाव्या स्तोत्रांतील युक्तिवादही याच समजुतीतून आलेला आहे.

‘शत्रू’ या कल्पनेबाबत हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. मराठी भक्तिपरंपरेत साधकाचे शत्रू बव्हंशी काम-क्रोधादी षड्रिपू असतात. स्तोत्रांतील शत्रू बहुधा हाडामांसाचे असतात : खोटी साक्ष देणारे, गरिबांना लुबाडणारे, नगर उद्ध्वस्त करणारे. ५८, १०९ व १३७ या स्तोत्रांत त्यांच्याविरुद्ध भयंकर शापवचने आहेत. १३७ व्या स्तोत्राच्या शेवटी तर बॅबिलनच्या अर्भकांच्या वधाची कल्पना येते. तिसऱ्या शतकातील ऑरिजेन याने ही अर्भके म्हणजे मनात नुकतेच उपजलेले कुविचार, असा रूपकात्मक अर्थ लावला. षड्रिपूंच्या अंगाने वाचणारा मराठी वाचक नकळत त्याच मार्गाने जातो. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ च्या सुधारित दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे संपूर्ण व इतर काहींचे अंश वगळले. रूपकाने शाप सौम्य होतो, वगळण्याने तो दृष्टीआड होतो. दोन्ही उपायांत पीडिताचा आवाज मात्र ऐकू येत नाही. ही वचने आचरणाचा आदेश नाहीत, की अनुकरणीय भावनाही नाहीत. प्रतिकाराचे कोणतेही साधन हाती नसलेल्यांनी सूडाची मागणी ईश्वराच्या न्यायासनापुढे ठेवली आहे. प्रत्यक्ष सूड त्यांनी घेतलेला नाही. तथापि हे स्पष्टीकरण पीडिताच्या तोंडी असलेल्या वचनांनाच लागू पडते. तीच वचने बलवानाने दुर्बळाविरुद्ध उच्चारली, तर त्यांचा अर्थ उलटतो. म्हणून ही स्तोत्रे वाचताना बोलणारा कोण आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

बहुतेक विलाप अखेरीस विश्वासाकडे वळतात. २२ वे स्तोत्र हे त्याचे ठळक उदाहरण. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते. संग्राहकांनी त्याला सांत्वनाचा शेवट जोडला नाही व ते गाळलेही नाही. संपूर्ण संग्रहाचा शेवट १४६ ते १५० या स्तुतिगीतांनी होत असला, तरी त्या स्तुतीने हा अंधार खोटा ठरत नाही. स्तोत्रसंहितेला ‘स्तवने’ हे नाव सार्थ ठरते ते दुःख झाकल्यामुळे नव्हे, तर ईश्वराला उद्देशून केलेली तक्रार हीदेखील त्याच्याशी राखलेल्या नात्याची खूण आहे, असे या ग्रंथाने गृहीत धरले म्हणून.