फाल्गुनरावाचं हसू

गणपतराव बोडसांना लोक विनोदी नट म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. शेवगावला १८८० साली जन्मलेल्या या माणसानं किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’त १९११ साली भित्रा लक्ष्मीधर उभा केला. दोन वर्षांनी बालगंधर्व आणि टेंब्यांबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीचे मालक झाले. पुढं देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तला त्यांचा फाल्गुनराव गाजला.

गावाकडं विनोद म्हणजे जत्रेतला सोंगाड्या. तोंड वाकडं केलं की माणसं लोळायची. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत गणपतीत गिरणीतल्या पोरांनी ‘संशयकल्लोळ’ केलं, तेव्हा फाल्गुनराव असाच डोळे फिरवत होता. पहिल्या अंकात हशा, दुसऱ्यात जांभया. का? अहो, फाल्गुनरावाला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही! बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि त्याचं काळीज खरंच जळतं. तो जितका कासावीस, तितकं आपल्याला हसू. बोडसांच्या ज्या सहज अभिनयाची वाखाणणी होते, त्याचं मोल इथं कळतं.

म्हणूनच १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’त, बालगंधर्वांच्या सिंधूसमोर, हाच नट सुधाकर होऊ शकला. एक संशयानं घर जाळायला निघालेला, दुसरा दारूनं. भोईवाड्यात पगाराच्या रात्री जिन्याजिन्यावर सुधाकर भेटायचे. झोकांड्या बघून नवी पोरं फिदीफिदी हसायची. दारामागं उभ्या बायका मात्र हसत नसत.