तृतीया विभक्ती आणि रक्तशर्करा

नैराश्यविरोधी औषधांचा मधुमेहावर होणारा परिणाम हा विषय वैद्यकाचा खरा; परंतु तो मराठीत सांगताना आपण जे वाक्य योजतो, ते भाषेच्या अभ्यासकानेही तपासून पाहण्याजोगे आहे. ‘या औषधांनी रक्तातील साखर वाढते’ हे ते वाक्य. ‘साखर उतरते’ हे त्याचे उलट रूपही तितक्याच निःशंकपणे लिहिले जाते. दोन्ही विधाने अंशतः खरी आहेत, आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत.

पहिला दोष अनेकवचनाचा. ‘नैराश्यविरोधी औषधे’ हे नाव उद्दिष्टावरून पडले आहे, क्रियेवरून नव्हे. ज्याचा गुण रोलंड कून यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला ते इमिप्रामीन, आणि १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता पावलेले फ्लुओक्सेटीन, ही दोन्ही या एका नावाखाली येतात. इमिप्रामीनच्या त्रिचक्री वर्गात वजन व साखर वाढण्याकडे कल दिसतो. उलट फ्लुओक्सेटीनच्या अधिकृत माहितीपत्रकात, औषध चालू असताना साखर प्रमाणाबाहेर उतरल्याची व ते थांबविल्यावर चढल्याची नोंद आहे. सामान्यनामाच्या पांघरुणाखाली हा विरोध झाकला जातो.

दुसरा दोष अधिक खोल, म्हणजे विभक्तीचा आहे. पाणिनीने करण आणि हेतू या दोन्ही अर्थी तृतीया सांगितली. मराठीचा ‘ने’ हा प्रत्ययही हे दोन्ही भार वाहतो. ‘सुरीने फळ कापले’ येथे साधन साक्षात कार्य करते. ‘अभ्यासाने तो उत्तीर्ण झाला’ येथे मध्ये अनेक पायऱ्या असतात. मग ‘औषधाने साखर बदलली’ हे वाक्य कोणत्या जातीचे? औषध शरीरातील साखरेच्या व्यवहारावर साक्षात परिणाम करीत असेल. किंवा मनाने उभारी धरल्यामुळे रुग्ण वेळेवर जेवत असेल, चालत असेल, इन्सुलिन चुकवीत नसेल.

हा भेद केवळ वैयाकरणाचा नव्हे. लस्टमन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या, नॉरट्रिप्टिलीन या त्रिचक्री औषधाच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत नेमके हेच दोन मार्ग वेगळे केलेले आढळतात. औषधाचा साक्षात परिणाम साखरेचे नियंत्रण बिघडविणारा, तर नैराश्य ओसरण्याचा परिणाम ते सुधारणारा ठरला. एकाच औषधाची ही दोन कार्ये परस्परविरुद्ध आहेत. ‘ने’ हा प्रत्यय त्यांची बेरीज सांगतो, फोड सांगत नाही.

या संदिग्धतेची किंमत वाचक मोजतो. ‘साखर वाढते’ एवढेच वाचून एखाद्याने औषध परस्पर बंद केले, तर नैराश्य परतण्याचा धोका आहे. शिवाय ते औषध फ्लुओक्सेटीन असेल, तर साखर चढूही शकते. आणि इन्सुलिन घेणाऱ्यास फ्लुओक्सेटीनविषयी सावध केले नाही, तर घाम, थरथर व भोवळ यांचा अर्थ त्याला वेळीच उमगणार नाही.

म्हणून अशा विधानात औषधाचे नाव, परिणामाचा मार्ग आणि काळ या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. उदाहरणार्थ: ‘फ्लुओक्सेटीन चालू असताना काही मधुमेहींची साखर उतरते व थांबविल्यावर चढते, यास्तव ते सुरू करताना, मात्रा बदलताना व थांबविताना साखर तपासावी, आणि इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी.’ वाक्य लांबले हे खरे. परंतु जेथे संक्षेपाने अर्थ बुडतो, तेथे विस्तार हा शैलीचा दोष मानता येत नाही.