'लोकल'सारखी मुंबई

गेल्या डिसेंबरात माझा मामेभाऊ कराडहून चार दिवसांसाठी आला. येण्याआधीच त्यानं फोनमधल्या नकाशावर ४१ पिना टाकून ठेवल्या होत्या. "दादा, गेटवे, मरीन ड्राइव्ह वगैरे नको. मुंबई एकदम लोकलसारखी बघायचीय." मी म्हटलं, लोकलसारखी म्हणजे उभ्यानं आणि घामाघूम. तो हसला नाही. मुंबईत 'लोकल' म्हणजे आधी गाडी, माणूस नंतर, हे कळायला इथं किमान एक पावसाळा काढावा लागतो.

त्या ४१ पैकी एक पिन काळा घोड्यावर होती. योगायोग असा की त्या आठवड्यात मी अरुण कोलटकरांचं 'काळा घोडा पोएम्स' तिसऱ्यांदा वाचत होतो, ठाणे ते ऐरोली, रोज थोडं थोडं. आणि रोज मला त्यांचंच आधीचं 'जेजुरी' आठवत होतं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली, की पाहुणा म्हणून एखादी जागा बघणं आणि तिथलं होऊन बघणं यातला फरक जितका स्वच्छ दिसतो, तितका कुठल्याच ट्रॅव्हल रीलमध्ये दिसत नाही. मात्र आपल्याला वाटतो तसा तो फरक नाही.

'जेजुरी' १९७६ साली पुस्तकरूपात आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ते सरळसरळ एका दिवसाच्या ट्रिपचं पुस्तक आहे. माणूस एसटीनं येतो, देवळं बघतो, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतो. सुरुवातीच्याच कवितेत समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात त्याला स्वतःचाच दुभंगलेला चेहरा दिसतो. पुढे एक म्हातारी पन्नास पैशांसाठी त्याच्या मागे लागते. तिला झटकून टाकायचं त्याच्या मनात असतं, तेवढ्यात ती एकच वाक्य बोलते आणि त्याची सगळी ऐट गळून पडते. त्याला भक्ती जमत नाही आणि तो भक्तीचं नाटकही करत नाही. आपण पाहुणे आहोत हे तो एका ओळीतही लपवत नाही. "मला इथलं खरं माहितीय" असं म्हणणारे आपण सगळे आधी इथंच नापास होतो.

'काळा घोडा पोएम्स' २००४ साली आलं, 'प्रास'कडून. कोलटकर गेले तेही त्याच वर्षी. या पुस्तकात प्रवास नाहीच. एक रेस्टॉरंट (वेसाइड इन), तिथली खिडकी, आणि समोरचं ट्रॅफिक आयलंड. दर गुरुवारी दुपारी मित्रांना घेऊन ते तिथं बसत, हे अनेकांनी लिहून ठेवलंय. पहिल्याच कवितेत आयलंडवर पहाटे एक गावठी कुत्रा पडलाय. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांत त्याला जुन्या मुंबईचा, सात बेटं जोडली जाण्याआधीचा नकाशा दिसतो. आपलं कूळ तो गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत नेतो. शहराचा इतिहास सांगायला इथं गाइड नाही, कुत्रा आहे, आणि तो पुरतो.

पण मला बोलायचंय ते 'ब्रेकफास्ट टाइम अ‍ॅट काळा घोडा'बद्दल. ही लांबलचक कविता आधी जगभरातले नाश्ते फिरून येते (हा भाग मला जरा जास्तच ताणलेला वाटतो) आणि मग मुंबईत उतरते. तिथं चक्क यादी आहे. ऑलिंपियाचा खिमापाव, नूर मोहम्मदीची नळी निहारी, कैलाश पर्बतची पुरीभाजी, मिलिटरी कॅफेचा ब्रून मस्का. पहिल्यांदा वाचताना मी दचकलो, कारण ही माझ्या मामेभावाचीच यादी! त्याच्या ४१ पिनांपैकी दोन तर जशाच्या तशा. यादीत शेवटी वेसाइड इनची अंडी आणि बेकनही येतात, म्हणजे कवी स्वतःची प्लेटही लपवत नाही.

रील इथं संपलं असतं. कविता इथून सुरू होते. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा डबा घेऊन एक बाई आयलंडवर येते, इडल्या घेऊन. आणि वरच्या यादीतल्या एकाही दारातून ज्यांना आत घेतलं जाणार नाही अशी माणसं तिच्याभोवती जमतात. कोण कुठून आलं, कसं आलं, सांबारात इडली कशी बुडवतं, सगळं सावकाश येतं. थोड्या वेळानं डबा रिकामा होतो, बाई जाते, माणसं पांगतात, आणि मागे नुसतं ट्रॅफिक आयलंड उरतं.

ही कविता मला अशी लागायचं कारण सांगतो. ठाण्यात मी राहतो तिथं स्टेशनबाहेर एका मावशींकडे मी दीड वर्ष पोहे खाल्ले. एके दिवशी वीस सेकंदांचं रील टाकलं. वर 'हिडन जेम' वगैरे. ते चाललं. महिनाभरात गर्दी इतकी वाढली, की साडेसातलाच पातेलं रिकामं. रात्रपाळीचे वॉचमन आणि रिक्षावाले, जे खरं तर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक, ते दुसरीकडे गेले. मग शेजारच्या दुकानदारानं गर्दीची तक्रार केली आणि मावशी दिसेनाशा झाल्या. पंधरा दिवसांनी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला सापडल्या. धंदा निम्म्यावर आला होता. मला बघून पोहे दिले, लिंबू जास्त पिळलं नेहमीसारखं, आणि म्हणाल्या, "फोटो नको काढू हां बाळा." मी रील डिलीट केलं होतं. पण तोवर ते दुसऱ्यांच्या पेजवर फिरत होतं.

नंतर फोनमध्ये मूळ व्हिडिओ पुन्हा बघितला. प्लेट, वाफ, शेव, मावशींचा हात. खाणारं एकही माणूस नाही. मीच क्रॉप केलेलं. शेजारी उकिडवा बसलेला वॉचमन फ्रेममध्ये 'बरा दिसत नव्हता'. कोलटकरांच्या कवितेत इडली दोन-चार ओळींची असेल, बाकी सगळी खाणारी माणसं आहेत.

याचा अर्थ कोलटकरांना सगळं माफ असं नाही. ही कविता इंग्रजीत आहे, आणि आयलंडवरचं कोणी ती वाचण्याची शक्यता नव्हतीच. मराठी-इंग्रजी दोन्ही हातांनी लिहिणाऱ्या कवीनं ही माणसं इंग्रजीतच का ठेवली, हा प्रश्न मला सुटलेला नाही. 'मीरा' या कवितेत कचरागाडीत उभं राहून पायांनी कचरा दाबणारी सफाई कामगार बाई आहे. तिच्यावर संत मीराबाईची सावली धरलेली. कविता देखणी आहे, पण मला वाटतं तिथं कवी खिडकीच्या आतच राहिला. त्या कचऱ्याचा वास मीराबाईच्या नावानं कमी होतो. अर्थात माझं आयुष्य एसीत बसून कोड लिहिण्यात चाललंय, त्यामुळे खिडकीवरून कोणाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट. कोलटकर काळा घोड्याला राहत नव्हते. घर प्रभादेवीला, एका खोलीचं, फोन नसलेलं. पेशानं ते जाहिरातींतले ग्राफिक डिझायनर. म्हणजे तेही तिथं येणारे-जाणारेच. फक्त ते परत परत त्याच खुर्चीत आले, आणि बघितलेलं लगेच पोस्ट केलं नाही. पुस्तक छापून झालं तोवर वेसाइड इनसुद्धा बंद झालेलं होतं.

मामेभावाला मी तिथं घेऊन गेलो. ज्या घोड्यावरून नाव पडलं तो राजासकट १९६५ साली राणीच्या बागेत गेला. आता उभा आहे तो २०१७ सालचा, बिनस्वाराचा. भावानं त्याच्यासोबत सेल्फी काढला. वेसाइड इन कुठं होतं ते मी दाखवलं. इडलीवाली बाई यायची ती जागाही अंदाजानं दाखवली. "मग आता इडली कुठं मिळते?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. तासभर डेव्हिड ससून लायब्ररीच्या बाजूला फुटपाथवर बसलो. त्यातली चाळीस मिनिटं तो फोन बघत होता, वीस मिनिटं समोर. मीही साधारण तेवढाच.

परत येताना सीएसएमटीवरून कल्याण फास्ट पकडली. त्याला खिडकी मिळाली, दादर येईपर्यंत तो झोपला. ठाण्याला उतरायचं तर मुलुंड जाण्याआधीच दाराकडे सरकावं लागतं, हे सहा वर्षं इथं राहूनही मी विसरलो. पुस्तक उघडं होतं हातात. आम्ही डोंबिवलीला उतरलो.