आलेख खाली आला म्हणजे राउटर दुरुस्त झाले?

कंपन्या आपली नेटवर्क उपकरणं वेळेवर अपडेट करतात का, यावर संशोधन करायचं ठरवलं की पहिला मोह होतो तो इंटरनेट स्कॅनचा. आकडे पटकन मिळतात, आलेखही देखणा येतो. पण त्यावर विसंबण्याआधी ऑक्टोबर २०२३ मधलं सिस्कोचं प्रकरण नीट बघा.

१६ ऑक्टोबरला सिस्कोने जाहीर केलं, की आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब इंटरफेसमध्ये गंभीर त्रुटी आहे (सीव्हीई-२०२३-२०१९८, तीव्रता १० पैकी १०). पासवर्ड नसतानाही बाहेरचा माणूस तिथे सर्वोच्च अधिकाराचं खातं उघडू शकत होता. मग दुसरी एक त्रुटी वापरून हल्लेखोर उपकरणात आपला छुपा प्रोग्रॅम बसवत. स्कॅनमध्ये अशी हजारो उपकरणं सापडली. काही दिवसांत हा आकडा एकदम काहीशेवर कोसळला. २२ तारखेला पहिले पॅचही आले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की वाटतं, चला, लोकांनी अपडेट केलं!

तसं नव्हतं. घसरण पॅचच्या आदल्याच दिवशी दिसू लागली होती. हल्लेखोरांनी प्रोग्रॅम बदलला होता. विनंतीत ठरावीक हेडर असेल तरच तो उत्तर देई. फॉक्स-आयटीने तपासण्याची पद्धत बदलली, तेव्हा ३७ हजारांहून जास्त उपकरणं अजून बाधितच निघाली.

स्कॅन निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय हा व्याप कळलाच नसता. आक्षेप आहे तो ‘उत्तर आलं नाही’ याचा अर्थ ‘दुरुस्त झालं’ असा लावण्यावर.

आणखी एक खोच आहे. उपकरण रीबूट केलं की तो प्रोग्रॅम जात होता, पण हल्लेखोराने उघडलेलं खातं तसंच राहायचं. पॅचने दार बंद होतं. आत शिरलेला माणूस आपोआप बाहेर जात नाही. म्हणजे तुमच्या तक्त्यात ‘अपडेटेड’ म्हणून नोंदलेला राउटर प्रत्यक्षात दुसऱ्याच्याच ताब्यात असू शकतो.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन रकाने वेगळे ठेवा: त्रुटी असलेली आवृत्ती, बाहेरून पोहोचता येणारा इंटरफेस आणि प्रत्यक्ष घुसखोरी. प्रत्येकासाठी स्वतःला विचारा, हे मी मोजतोय, की नुसतं गृहीत धरतोय? गाईडने विचारण्याआधी हे तुम्हीच विचारलेलं बरं.