कारीट फोडल्यानंतर

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपायचे, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि नरकासुर मेला म्हणून फराळाला बसायचे, ही आपली जुनी रीत. मुलांना सांगायची गोष्टही तिथेच संपते. असुर मेला, दिवे लागले, करंज्या वाढा! पुराणकार मात्र तेवढ्यावर थांबलेला नाही. त्याच्यापुढे दोन अवघड प्रश्न उभे होते. बंदीवासातून सुटलेल्या त्या सोळा सहस्र स्त्रियांना आता घरात कोण घेणार? आणि प्राग्ज्योतिषपूरच्या रिकाम्या गादीवर कोण बसणार? पहिल्याचे उत्तर श्रीकृष्णाने त्यांना आपले नाव देऊन दिले. दुसऱ्याचे उत्तर ऐकून मात्र वर्गातली मुले चमकतात. गादीवर बसला तो नरकासुराचाच मुलगा, भगदत्त! पुढे भारतीय युद्धात हत्तीवर बसून पांडवांशी लढला, तोच हा.

जुलमी राजा उतरल्यानंतर काय होते, हा प्रश्न आपल्या पुराणाने टाळला नाही. आमच्या मराठवाड्याच्या कादंबरीने मात्र तो बव्हंशी टाळला, अशी माझी तक्रार आहे. सणासुदीच्या अंकात तक्रार मांडणे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु दिवाळी अंक घरातली सारी माणसे वाचतात, आणि ही तक्रार घरातल्या माणसांशीच बोलण्याची आहे.

हा प्रश्न काही एकट्या आमचा नाही. इजिप्तमध्ये २०११ साली लोक तहरीर चौकात ठाण मांडून बसले आणि तीस वर्षे राज्य करणारा मुबारक पायउतार झाला. पण अडीच वर्षांच्या आत, जुलै २०१३ मध्ये, निवडून आलेल्या अध्यक्षाला हटवून लष्कराने सूत्रे हाती घेतली. शेजारच्या बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावापुढे शेख हसीनांची पंधरा वर्षांची सलग सत्ता कोसळली, आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारू लागला, आता पुढे काय? या बातम्या वाचताना हिंगोलीच्या माणसाला नवल वाटू नये. हे सारे त्याच्या आजोबांनी पाहिलेले आहे.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. त्याच्या घराण्याची सत्ता १७२४ पासूनची. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. देश स्वतंत्र झाला तरी निजाम वेगळाच राहू पाहत होता. तेव्हा पैनगंगेच्या पलीकडे, वऱ्हाडात, कार्यकर्त्यांची सरहद्द-केंद्रे उभी राहिली. करोडगिरीची नाकी जाळली गेली, शिंदीची झाडे तोडली गेली, लेव्हीचे धान्य देण्याचे गावांनी नाकारले. दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेडीच्या खेडी भयाने गारठवली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुस्तके या साऱ्याला मुक्तिसंग्राम म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र ती नुसती 'ॲक्शन'. कुणाचा जन्म ॲक्शनच्या आधीचा, कुणाचे लग्न ॲक्शनच्या नंतरचे. राजाला लोकांनी उतरवले की फौजेने, हा वाद या दोन नावांतच दडलेला आहे. माझे मत विचाराल तर, घराच्या भिंती लोकांनी आधीच पोखरल्या होत्या. फौजेने धक्का दिला.

आता पुढचे ऐका. राज्यावर जनरल चौधरी हे लष्करी गव्हर्नर आले. १९५० पासून वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. लोकांनी निवडलेले सरकार यायला १९५२ साल उजाडले. आणि निजाम? तो कुठे पळाला नाही की तुरुंगात गेला नाही. २६ जानेवारी १९५० पासून तोच भारतीय प्रजासत्ताकातील हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेऊन. आणि १९५६ च्या ऑक्टोबरअखेर राज्य विसर्जित होईपर्यंत त्या पदावर राहिला. ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून पाठीवर वळ उठले, त्याचीच तसबीर नव्या कचेरीत राजप्रमुख म्हणून पाहताना त्या सत्याग्रहीच्या मनात काय आले असेल? कादंबरीकाराने जागेवरून उठूच नये असा हा प्रसंग आहे. पण तो मला आमच्या कादंबरीत भेटत नाही.

भेटते ते काय? सरहद्दीवरचे रोमांच, मध्यरात्रीचा हल्ला, खाकी कपड्यातला एकाच साच्याचा रझाकार, धाडसी नायक, त्याची वाट पाहणारी नायिका, आणि शेवटच्या पानावर तिरंगा. वाचताना ऊर भरून येतो, नाही असे नाही. पण पुस्तक मिटल्यावर वाटते, लेखक मिरवणुकीबरोबर निघून गेला आणि गाव मागेच राहिले. इतिहासकारांना हा दोष देता येणार नाही. अनंत भालेराव स्वतः लढ्यातले कार्यकर्ते. त्यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ साली आला, आणि या विषयावर लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. ना. धों. महानोरांनी १९७३ साली 'गांधारी'त त्या काळातले खेडे रंगवले, तेही मोलाचेच. माझे म्हणणे एवढेच, की हे अपवाद आहेत. वाट मळली ती दुसरीच.

या बाबतीत आमच्याच मातीतल्या एका माणसाने दिशा दाखवून ठेवली आहे. नरहर कुरुंदकर वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे. लढा पेटला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. हैदराबादवरच्या त्यांच्या लेखनाच्या पुस्तकाला नाव आहे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन'. त्या नावाकडे जरा निरखून पाहा. विमोचन पाच दिवसांत झाले, विसर्जनाला आठ वर्षे लागली. आमच्या कादंबरीने नावातला पहिलाच शब्द उचलला. गणपती बसवताना वाजतगाजत जाणारी मंडळी विसर्जनाला घरीच राहावीत, तसे हे झाले.

इतर भाषांत पाहा. फणीश्वरनाथ रेणूंची 'मैला आँचल' ही हिंदी कादंबरी १९५४ ची. तिच्यात स्वातंत्र्य शेवटच्या पानावर येत नाही, ते मध्येच येते, आणि खरी गोष्ट त्यानंतर रंगते. बावनदास नावाचा भाबडा गांधीवादी कार्यकर्ता काळाबाजाराच्या गाड्या अडवायला सीमेवर उभा राहतो, आणि त्याच गाड्यांखाली चिरडला जातो. त्याचा जीव परक्या राज्यकर्त्याने घेतलेला नाही, हीच त्या मरणातली बोच. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मध्ये मालकाला हाकलण्याचे काम दुसऱ्या प्रकरणातच उरकते. उरलेले सारे पुस्तक 'नंतर'चे आहे. आणि आमच्याच जुन्या राज्यातले शेजारी? तेलुगूत दाशरथी रंगाचार्यांनी कादंबऱ्यांच्या मालिकेत तेलंगणातले जुलमाचे दिवस, लढा आणि पुढचा काळ असा सारा पट विणला. उर्दूत जिलानी बानो यांनी 'ऐवान-ए-ग़ज़ल'मध्ये हैदराबादच्या सरंजामी घराण्यांची पडझड आतून दाखवली. राज्य एक, राजा एक, १७ सप्टेंबरही एकच.

मग मराठीतच हे का व्हावे? मला वाटते, 'नंतर'च्या घरात तीन दारे आहेत आणि तिन्ही उघडायला आपला हात कचरतो.

पहिले दार सुडाचे. रझाकारांचे अत्याचार खरे होते; अर्जापूरच्या वाटेवर १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती आम्ही विसरू शकत नाही. पण फौजा आल्यानंतर कित्येक ठिकाणी सामान्य मुसलमान शेजाऱ्यांवर जे बेतले, तेही खरे. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा सांगितला आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचे नांदेड मोजले. तो अहवाल पुढे कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. सरकारने तो कपाटात ठेवला हे समजते. पण कादंबरीकाराला अहवाल कशाला लागतो? गावातले रिकामे घर त्याला दिसत होतेच की. ज्याने शेजाऱ्याला कणगीत लपवून वाचवले आणि ज्याने त्याच शेजाऱ्याचे शेत दाबले, ते दोघे पुढे एकाच पारावर बसून म्हातारे झाले. त्या पाराची गोष्ट कोणी लिहायची?

दुसरे दार जमिनीचे. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कूळकायदा आला. कागदावर हे मोठेच परिवर्तन होते. पण कायदा गावात पोहोचेपर्यंत कुणाच्या नावाची जमीन कुणाच्या नावावर सरकली, टोपी बदलून कोण निवडणुकीला उभा राहिला आणि कुळाच्या पदरात नेमके काय पडले, हे हिशेब घरोघर निराळे आहेत. भगदत्त गादीवर बसला तो असा.

तिसरे दार वेशीबाहेरचे. १७ सप्टेंबरला कोण किती मुक्त झाले? १९५८ साली औरंगाबादेत विद्यापीठ आले आणि आमच्या मुलांचे शिक्षण मार्गी लागले. त्याच विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, तेव्हा मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या तिसऱ्या दाराविषयी दलित लेखकांनी लिहिले, आणि धारदार लिहिले. पण मुक्तिसंग्रामाची कादंबरी लिहिणारा त्या दाराशी आपले काही नाते मानीत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, झाले गेले गंगेला मिळाले. आता उकरून काय उपयोग? परंतु ते गंगेला मिळालेले नाही. २०२३ साली शासनाच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामकाळातील कागदांचे गठ्ठे सुटले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी ग्राह्य धरण्याचा शासन निर्णय निघाला. बाजू कोणाची खरी, हा येथे माझा विषय नाही. पण ज्या राजाला घालवून पंचाहत्तर वर्षे उलटली, त्याच्याच दप्तरात आपल्या मुलांचे उद्या शोधावे लागते, तेव्हा विसर्जन पुरते झाले असे कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. असे लिहिल्याने हुतात्म्यांचा मान कमी होईल, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आहे; त्या नावापुढे हात आपोआप जुळतात. पण हुतात्मा मिरवणुकीसाठी मेला नाही. पुढे येणाऱ्या राज्यात गरिबाला न्याय मिळेल, या भरवशावर तो गेला. तो भरवसा पाळला गेला की नाही, हे पाहणे म्हणजेच त्याचे नाव घेणे. दरवर्षी १७ सप्टेंबरला मी मुलांचे निबंध तपासतो. अक्षर सुरेख, तारखा बिनचूक, आणि शेवटचे वाक्य बहुधा एकच असते, 'अशा रीतीने मराठवाडा स्वतंत्र झाला.' मुलांनी दुसरे काय लिहावे? मोठ्यांच्या कादंबऱ्याही त्याच वाक्यापाशी संपतात.

तेव्हा या दिवाळीत, वाचकहो, एक करून पाहा. ज्या घरात नव्वदीची आजी किंवा आजोबा आहेत, तेथे फराळाच्या ताटावर नातवंडांनी त्यांना १७ सप्टेंबरचे काही विचारू नये. ते पुस्तकात आहे. १८ सप्टेंबरच्या सकाळी काय झाले, ते विचारावे. कोण घरी परतला, कोण परतला नाही, कोणाच्या दाराला बाहेरून कडी होती, पुढच्या सुगीला कोणाच्या खळ्यावर कोणाचे धान्य गेले. म्हातारी माणसे कदाचित बराच वेळ गप्प बसतील. बसू द्यावे. मग ती जे सांगतील, ते वहीत उतरून ठेवावे.