पानी, साळा आणि लाल शाई

दौंड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून बरीच वर्षे काढली. त्याआधी काही वर्षे शिरूर तालुक्यात होतो. या काळात किती लाल शाई संपवली याचा हिशेब मला देता येणार नाही. परंतु तिच्यातली बरीचशी कोणत्या वस्तीतल्या वह्यांवर सांडली हे मात्र नक्की सांगता येईल. शुद्धलेखनाच्या चुका पाहून शिकलेल्या माणसाला जी चीड येते, तिचा विचार मला येथे करायचा आहे. चुकांवर पुष्कळ लिहिले गेले. चिडीवर फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

नववीच्या वर्गाला मी एकदा 'आमची वस्ती' हा निबंध दिला होता. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतल्या एका मुलाने लिहिले होते : 'आमच्याकडं पानी एक दिसाआड येतं. मळ्यातल्या हिरीला पानी हाय पन ती आमची न्हाई.' मी पानी, दिसाआड, हिरीला, हाय, पन, न्हाई या सगळ्यांभोवती गोल काढले, खाली 'शुद्धलेखन सुधारा' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले. विहीर कोणाची, तिचे पाणी यांना का नाही, हा प्रश्न माझ्या मनात त्या वेळी आलाच नाही. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या खेपेस त्याने गाइडमधला निबंध उतरवून आणला. त्यात एकही चूक नव्हती आणि एकही वाक्य त्याचे नव्हते. मी त्याला आठ गुण दिले! हे सांगताना मला आजही बरे वाटत नाही. पण हा व्यवहार माझ्या एकट्याचा नाही, म्हणून सांगतो.

ज्या भाषेला आपण अशुद्ध म्हणतो तिला नियम नसतो असा एक समज शिक्षकांत पक्का रुजलेला आहे. तो खोटा आहे. घोडनदीपासून भीमेपर्यंतच्या या पट्ट्यात आमचे लोक विचाराला इचार, विहिरीला हीर, विसाला ईस आणि वेळेला येळ म्हणतात. 'व'च्या पुढे इ किंवा ए आला की 'व' गळतो किंवा त्याचा 'य' होतो. पण वाट, वरात, वस्ती यांतला 'व' जागचा हलत नाही. याला नियम नाही तर काय म्हणायचे? 'ण'च्या जागी 'न' येतो तोही असाच ठरून येतो. हिंदीत 'पानी' हाच शब्द बरोबर ठरतो आणि राजभाषा म्हणून तो दिल्लीत मानाने छापला जातो. तोच दौंडच्या वस्तीतून आला की अशुद्ध ठरतो.

आता प्रमाण नियमांकडे पाहू. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली आणि असे हे अठरा नियम शाळांतून चालू झाले. महामंडळाने त्यांना 'लेखनविषयक नियम' म्हटले. वर्गात त्यांचे 'शुद्धलेखन' झाले. या नियमांनी एक मोठे काम केले हे मान्य केले पाहिजे. पांच, नांव, कांहीं यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले. म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत 'पाच' लिहिणारे पोर चुकत होते आणि नंतर 'पांच' लिहिणारे चुकू लागले. १९२० च्या 'मूकनायका'ची भाषा आजच्या नियमाने तपासायला घेतली तर बाबासाहेबांनाही लाल गोल काढावे लागतील. बरोबर काय आणि चूक काय हे असे बैठकीत ठरते, एवढे तरी मुलांना सांगायला हरकत नव्हती.

परंतु नियमांतली खरी गोम निराळीच आहे. सून, मूल, गरीब, वकील यांतले इकार-उकार दीर्घ. म्हणून 'शिरूर'ही दीर्घ. मग गुण, विष, मधुर, मंदिर ऱ्हस्व का? तर ते शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत. मंत्री एकटा असला की दीर्घ, मंत्रिमंडळात गेला की ऱ्हस्व. कारण मूळ शब्द 'मंत्रिन्'. शुद्धीकरणातला 'द्धी' दीर्घ आणि शुद्धिपत्रातला ऱ्हस्व. 'शुद्धी' हा शब्दच शुद्ध लिहिणे किती अवघड आहे पाहा! मराठी लिहिण्यासाठी संस्कृत यावे लागते अशी ही व्यवस्था आहे. आणि संस्कृत कोणाला शिकू दिले नव्हते हा इतिहास या पत्राच्या वाचकांना मी सांगायला नको. 'शुद्ध' हा शब्द आमच्या कानाला निराळा लागतो तो याचमुळे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आमच्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा नंतर सनातन्यांनी ते तळे गोमूत्र-शेणाने शुद्ध करून घेतले होते.

चीड चुकीची येते की चूक करणाऱ्याची, हे तपासायला आमच्याच भागातली दोन नावे पुरेत. साहेबाला शिरूर म्हणता आले नाही. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये ते 'सिरूर' म्हणून छापले आहे. दौंडचे त्याने इंग्रजीत 'धोंड' केले आणि धोंड-मनमाड रेल्वे त्या नावाने धावली. साहेबाने 'श'चा 'स' केला, तो सरकारी ग्रंथात गेला. वस्तीतल्या पोराने शाळेला 'साळा' म्हटले, त्याला मात्र छडी बसली. साहेबाच्या जिभेची टिंगल झाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

ही रीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आली. स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणवणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून फुल्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. लेखकाला लिहिता येत नाही असे एकदा ठरवले की त्याने काय विचारले आहे याचे उत्तर देण्याची निकड राहत नाही. वर सांगितलेल्या त्या निबंधावर मी नेमके हेच केले होते, आणि तेही फुल्यांचा फोटो भिंतीवर असलेल्या वर्गात बसून.

दलित आत्मकथनांच्या भाषेवर समीक्षकांनी अस्सल, रांगडी, जिवंत अशी विशेषणे उधळली. त्या कौतुकाने मला समाधान होत नाही. महामंडळाच्या नियमांत 'असं केलं, मी म्हटलं' अशा रूपांना पात्राच्या तोंडी जागा आहे. याचा अर्थ असा की पात्र गावठी बोलेल आणि लेखक प्रमाण लिहील. ग्रामीण कथेतली बोलीही बहुतेक करून अवतरणचिन्हांच्या कुंपणात राहिली. आत्मकथनात पात्र आणि लेखक एकच झाले आणि ते कुंपण मोडले. दया पवारांनी १९७८ मध्ये पुस्तकाला 'बलुते' नव्हे, 'बलुतं' असे नाव दिले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन्ही १९८६ ची. शांताबाईंच्या नावातले 'माज्या' आणि 'जल्माची' हे शब्द माझ्या हातात आले असते तर मी त्यांवर गोल काढले असते. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या. 'माझ्या' आणि 'जन्माची' कसे लिहितात हे त्यांना दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ते ठाऊक असूनही त्यांनी मुखपृष्ठावर आपला उच्चार ठेवला. याला भाषेचे रांगडेपण म्हणणे म्हणजे लेखिकेचा निर्णय तिच्या अडाणीपणाच्या खात्यावर मांडणे होय.

येथवर सगळे ठीक. पण मी स्वतःला सोडून बोलत आहे असे होऊ नये. दर १ जानेवारीला शिरूर तालुक्यातून कोरेगाव भीमाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक लागलेले असतात. 'जय भिम', 'हार्दीक', 'शुभेच्छूक'. मला चीड येते. बाबासाहेबांचे नाव तरी नीट लिहा, असे मी पुटपुटतो. बरोबरच्या तरुण कार्यकर्त्याने एकदा विचारले, 'सर, शेजारी त्या आमदाराच्या फलकावर पण हार्दीकच हाय. ते तुम्हाला दिसलं न्हाई?' मला खरोखरच दिसले नव्हते. आपल्यांच्या चुकीने दुसरे हसतील ही भीती माझ्या डोळ्यांत बसली आहे, आणि ती मला त्याच लाल शाईने शिकवली. तरीही मी 'भीम' दीर्घच लिहीन आणि मुलांकडूनही लिहून घेईन. अर्ज, मुलाखत, स्पर्धा परीक्षा, वर्तमानपत्र या सर्व ठिकाणी प्रमाणभाषेचा दरवाजा आहे आणि आमच्या पोरांनी बाहेर उभे राहून बोलीचा अभिमान बाळगावा असे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले आत बसलेली असतात. हा लेखही मी अठरा नियम पाळूनच लिहिला आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी एवढेच केले : निबंध आधी पेन खाली ठेवून वाचायचा, त्यातल्या मजकुराला गुण द्यायचे, मग पेन्सिलीने समासात प्रमाण रूप लिहायचे. 'पानी' खोडायचे नाही. शेजारी 'पाणी' लिहायचे. सहकाऱ्यांना हे लाड वाटले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वहीत लाल खुणा का नाहीत असे विचारले, तेव्हा मला पटेल असे उत्तर देता आले नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या चळवळीतल्या नियतकालिकांच्या संपादकांना उद्देशून आहे. नवी मुले-मुली कविता पाठवतात. छापून येते तेव्हा 'माज्या'चे 'माझ्या' झालेले असते, 'हिरी'ची विहीर झालेली असते, आणि कवीला ते अंक हातात पडल्यावर कळते. दुरुस्ती जरूर करा; पण त्याआधी त्या मुलाला एक पत्र टाका, हल्ली मोबाइल आहे, फोन करा, आणि विचारा की बाबा, हे तू चुकलास की तुला असेच म्हणायचे आहे?